वन्यजीव छायाचित्राखाली एडिटिंगची नोंद छापावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हिवाळा सुरू झाला की मराठी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर उजनी धरणाच्या फुगवट्यावरील रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे एखादे मोठे छायाचित्र येते, आणि पुढचे काही रविवार भिगवण, कुंभारगाव आणि डिकसळच्या काठावर गाड्यांची रांग लागते. मी याच इंदापूर तालुक्यात शिक्षक म्हणून नोकरी केली, निवृत्त झालो, आणि गेली वीस वर्षे या पाणवठ्यांवर व आसपासच्या माळरानांवर कॅमेरा घेऊन फिरतो आहे. आपण ही छायाचित्रे छापता याबद्दल माझी तक्रार मुळीच नाही. उलट या भागातील पक्ष्यांकडे लोकांचे लक्ष वळण्यात वृत्तपत्रांचा वाटा मोठा आहे. माझे म्हणणे त्या छायाचित्रांतील प्रकाश, रंग आणि नंतर संगणकावर होणारे फेरफार यांबद्दल आहे, आणि ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अशा छायाचित्रांत अलीकडे रोहित पक्षी अंगभर गडद गुलाबी, कधी कधी तर कुंकवासारखे लाल दिसतात. प्रत्यक्षात उजनीवर जो मोठा रोहित येतो, तो उभा असताना बराचसा पांढरट असतो. त्यावर गुलाबीची फिकट झाक असते, पाय आणि चोच तेवढी ठळक गुलाबी. थव्यातील लहान वयाचे पक्षी तर राखी-तपकिरी असतात आणि त्यांना रंग चढायला काही वर्षे जातात. अंगाने अधिक गुलाबी असतो तो छोटा रोहित, जो ठाण्याच्या खाडीत आणि शिवडीच्या चिखलात मोठ्या संख्येने दिसतो. म्हणजे संगणकावर रंग गडद करणारी पट्टी उजवीकडे सरकवल्याने केवळ चित्र भडक होते असे नाही, तर एका जातीचा पक्षी दुसऱ्याच जातीचा वाटू लागतो आणि थव्यात पिल्ले किती, प्रौढ किती हे सांगणारा राखी रंगही पुसला जातो. पक्षी ओळखण्यासाठी रंग हा पुरावा असतो. शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत तर करड्या रंगाच्या एका छटेवरून दोन जातींत फरक केला जातो, हे माळरानावर भोवत्या (हॅरियर) पाहणाऱ्या कोणालाही माहीत आहे.

या भडक रंगाचा परिणाम कागदापुरता राहत नाही. चित्र पाहून दुरून आलेला माणूस होडीत बसतो, समोर पांढरट पक्षी पाहून हिरमुसतो आणि नावाड्याला विचारतो, ‘ते लाल पक्षी कुठे आहेत?’ आता रोहिताच्या पंखांचा खरा लाल रंग हा पंख मिटलेले असताना फारसा दिसत नाही. पंख उघडले की लाल आणि काळा असे दोन्ही रंग एकदम दिसतात, आणि ‘अग्निपंख’ हे सुंदर नाव त्यावरूनच पडले आहे. तेव्हा तो रंग दाखवायचा तर थवा उडाला पाहिजे, आणि थवा उडवायचा तर होडी त्याच्या अंगावर घातली पाहिजे. उथळ पाण्यात मान खाली घालून चरणारा पक्षी दिवसातून आठ-दहा वेळा असा उठवला, तर त्याचे चरणे थांबते आणि उडण्यात बळ खर्च होते ते वेगळेच. मी नावाड्यांना दोष देत नाही. त्यांतले बरेच जण या पाण्यावर मासेमारी करत वाढलेले आहेत, पक्ष्यांचे अंतर त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते, आणि ‘साहेब, एवढ्यावरनंच बघा’ असे सांगून गिऱ्हाइकाची नाराजी ओढवून घेणारे नावाडी मी पाहिले आहेत. त्यांच्यावर हा दबाव आणण्यात आपण छापलेल्या चित्राचा हात आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

रंग इतका बिघडतो का, याचे उत्तर पुष्कळदा एडिटिंगच्याही आधी, एक्स्पोजरमध्ये, म्हणजे चित्रासाठी किती प्रकाश आत घेतला यात सापडते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. ज्याला छायाचित्रकार १८ टक्के करडा म्हणतात तो हा रंग. काळसर पाण्यावर चार पांढरे पक्षी उभे असले तर मापकाला अंधारच जास्त दिसतो, तो चित्र उजळवतो आणि पांढरी पिसे जळून जातात. अशा वेळी एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) कमी करावे लागते. उलट, तेच पक्षी उजळ आकाशावर उडत असतील तर मापक चित्र काळवंडून टाकतो आणि तिथे एक स्टॉप वाढवावा लागतो. ताडोब्याच्या सावलीत फ्रेम भरून उभा असलेला गवा मापकाच्या भरवशावर टिपला तर तो धुरकट करडा येतो, आणि त्याचे पांढरे पायमोजे उडून जातात.

रोहिताच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, जी नवख्यांना सहसा कोणी सांगत नाही. संध्याकाळच्या तांबूस उन्हात गुलाबी पिसांवरून येणाऱ्या प्रकाशात लाल रंगाचे प्रमाण इतके असते की कॅमेऱ्यातील लाल वाहिनी, म्हणजे लाल रंगाची वेगळी नोंद, सर्वांत आधी भरून वाहते. कॅमेऱ्याचा साधा आलेख, म्हणजे एकत्रित हिस्टोग्राम, त्या वेळी सर्व ठीक असल्याचे दाखवत असतो. लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही आलेख वेगवेगळे पाहिले तरच लाल रंग कडेला आदळलेला दिसतो. एकदा वाहिनी भरली की त्या भागातील पिसांचा बराच तपशील जातो. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या संस्कार न केलेल्या मूळ फाइलमध्ये, १४ बिटची नोंद असली तर प्रत्येक वाहिनीत १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या तयार चित्राच्या फाइलमध्ये, केवळ २५६; पण तीनही वाहिन्यांत जे जळाले ते १६,३८४ पायऱ्यांतूनही परत येत नाही. मग तिथे पिसांऐवजी एक सपाट डाग उरतो, आणि तो झाकण्यासाठी छायाचित्रकार गुलाबी रंग वरून भरतो. आपण पाहतो ते कित्येक ‘विलोभनीय’ रोहित असे रंगवलेले असतात. म्हणून मी नव्या मुलांना एकच सांगतो: पक्षी थोडा अंधारलेला आला तरी चालेल, सावल्या नंतर उचलता येतात, पण पांढरा आणि लाल जाळू नका.

एक्स्पोजरची निवड ही तांत्रिक बाब वाटत असली तरी कित्येकदा तिच्यात प्राण्याचे हित-अहित गुंतलेले असते. कोकणात जूनच्या सुमारास तिबोटी खंड्या येतो, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत आडवे बीळ कोरून घरटे करतो. पावसाळी, दाट रानात भर दुपारीही उजेड इतका कमी असतो की चिमणीएवढ्या या चपळ पक्ष्याचे छायाचित्र घ्यायचे म्हटले की माणसाचा हात फ्लॅशकडे जातो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आमच्या कॅमेऱ्यांत आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १६०० च्या पुढे चित्रात रवा पडल्यासारखे दाणे दिसत, तेव्हा फ्लॅशचे समर्थन करणे सोपे होते. आजचे कॅमेरे आयएसओ ६४०० वर सहज वापरण्याजोगे चित्र देतात, उरलेले दाणे काढणारी सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत, आणि पक्षी फांदीवर स्थिर असताना सेकंदाच्या १/१२५ भागाचा शटरवेगही पुरतो. तरीही बिळासमोर दोन-दोन फ्लॅश तिवईवर लावून बसणारे लोक मी पाहिले आहेत. माणसे इतकी जवळ असली की पालक पक्षी चोचीत सापसुरळी किंवा खेकडा धरून समोरच्या फांदीवर ताटकळतो, बिळात जात नाही. आत पिल्ले भुकेली असतात. हे दृश्य मी एका पावसाळ्यात जवळजवळ पाऊण तास पाहिले, आणि शेवटी आम्ही तिघे जण उठून निघून आलो तेव्हा तो आत गेला. त्या दिवसापासून मी घरट्यावर कॅमेरा लावलेला नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे घरट्यावर ऊन पडावे म्हणून आजूबाजूची पाने आणि डहाळ्या तोडणे. छायाचित्र स्वच्छ येते, एक्स्पोजर सोपे होते, आणि छायाचित्रकार घरी गेल्यानंतर तेच ऊन उघड्या पिल्लांवर दिवसभर पडत राहते व कावळ्याला घरटे दिसू लागते. आंबोलीच्या पावसात बेडूक उचलून अधिक हिरव्या पानावर ठेवणे, त्याच्यामागे टॉर्च लावून आरपार प्रकाश पाडणे, हेही याच जातीचे. अनेक स्पर्धांनी आता घरट्याची छायाचित्रे स्वीकारणे बंद केले आहे. वृत्तपत्रांनीही ते करावे असे मला वाटते.

आता संगणकावरील एडिटिंगकडे वळतो. एडिटिंग म्हणजे फसवणूक असे मानणारे काही वाचक असतात. त्यांच्याशी मी सहमत नाही. रॉ फाइल ही फिल्मच्या निगेटिव्हसारखी असते, तिच्यावर संस्कार केल्याशिवाय चित्रच तयार होत नाही. एक्स्पोजर अर्धा-एक स्टॉप वरखाली करणे, सावल्या उचलणे, पांढऱ्याचा भडकपणा कमी करणे, रंगतापमान त्या वेळच्या उजेडाशी जुळवणे, क्षितिज सरळ करणे, सेन्सरवरील धुळीचे ठिपके काढणे, कडा कापणे, हे सर्व काम प्रामाणिकपणे करता येते. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि सावल्या अधिक काळ्या होतात, त्यामुळे छपाईसाठी चित्र थोडे उजळावे लागते, हे आपल्या विभागाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. अमेरिकेची फोटोग्राफिक सोसायटी, ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी आणि फियाप (छायाचित्रकलेचा आंतरराष्ट्रीय महासंघ) या संस्थांनी मिळून निसर्ग छायाचित्राची जी व्याख्या मान्य केली आहे तिचा गाभा हाच आहे: जे दृश्यात होते त्याचे प्रकाश-रंग सुधारा, पण ते नैसर्गिक दिसले पाहिजेत, आणि कडा कापण्याव्यतिरिक्त चित्रात काही घालू नका, हलवू नका, बदलू नका, काढू नका.

‘काढू नका’ हा शेवटचा शब्द मला पूर्वी जाचक वाटत असे. तो का आवश्यक आहे हे मी एका धनगराकडून शिकलो. कडबनवाडीच्या माळावर एका पहाटे मला खोकड दिसले. सूर्य त्याच्या मागे होता, कानांच्या आणि शेपटीच्या कडेला उजेडाची रेघ उमटली होती. ती रेघ जळू नये म्हणून मी एक्स्पोजर सव्वा स्टॉप खाली घेतले, घरी येऊन सावल्या उचलल्या, आणि माझ्या वीस वर्षांतील सर्वांत चांगले छायाचित्र हाती आले. फक्त खोकडाच्या मागून काटेरी तारेचे दोन पदर आडवे गेले होते. मी ते क्लोन करून, म्हणजे शेजारचा भाग त्यांच्यावर चिकटवून, काढून टाकले. दहा मिनिटांचे काम. तालुक्याच्या एका छोट्या प्रदर्शनात ते चित्र लावले, लोकांनी कौतुक केले. त्या माळावर वर्षानुवर्षे मेंढरे चारणारे एक गृहस्थ चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, ‘सर, हितं तार हुती. ती कुठं गेली?’ मी सांगितले की चित्र चांगले दिसावे म्हणून काढली. ते म्हणाले, ‘त्याच तारंत गेल्या साली माझी दोन कोकरं अडकली. माळ बंद झाला त्या तारंनं, आन् तुम्ही तीच काढली व्हय?’

मला उत्तर देता आले नाही. त्या गवताळ माळावरचे खोकड, लांडगे आणि चिंकारा यांच्या वाट्याला आज जे आले आहे त्याचे सर्वांत मोठे कारण मी स्वतःच्या हाताने चित्रातून पुसून टाकले होते, आणि पाहणाऱ्याला असे भासवले होते की माळ मोकळा आहे. विजेच्या तारा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, कुंपणे, मागून जाणारी जीप, कानाला लावलेला टॅग किंवा गळ्यातील रेडिओ कॉलर हे सगळे छायाचित्रकाराला अडथळे वाटतात. बातमीच्या दृष्टीने मात्र तीच माहिती असते.

जगात नावाजलेल्या ठिकाणीही असे प्रकार घडले आहेत. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली पहिले आलेले, फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचे चित्र पुढच्या वर्षी बाद करण्यात आले, कारण तो लांडगा बहुधा माणसाळवलेला असल्याचा निष्कर्ष परीक्षकांनी काढला. त्याच स्पर्धेत २०१७ साली एका गटात विजयी ठरलेल्या चित्रातील मुंगीखाऊ प्राणी पेंढा भरलेला असल्याचे मानून २०१८ मध्ये ते बाद झाले. या दुसऱ्या प्रकरणात आक्षेप प्रकाश, एक्स्पोजर किंवा रंगांवर नव्हता. आक्षेप होता तो प्राण्यावरच. नॅशनल जिओग्राफिकने तर फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर उभ्या चौकटीत बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर एकमेकांजवळ सरकवले होते, आणि त्याची चर्चा आजही होते. तेव्हा त्यासाठी महागडी यंत्रे लागत. आज ते फोनवर होते.

आपल्याकडे हा प्रश्न बिबट्याच्या निमित्ताने अधिक गंभीर होतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत उसाच्या फडाला लागून माणसे राहतात, तिथे बिबट्याचे हल्ले झालेले आहेत आणि लोकांची भीती खरी आहे. अशा ठिकाणी बिबट्याचे छायाचित्र पार्श्वभूमी काळीकुट्ट करून आणि डोळे पेटवून छापले की ती भीती वाढते. रात्री चमकणारे डोळे हे रागाचे लक्षण नसते; डोळ्याच्या मागील परावर्तक पडद्यावरून फ्लॅशचा किंवा विजेरीचा प्रकाश परत येतो, आणि गाईचे डोळेही तसेच चमकतात. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली, कधीच न घडलेल्या प्रसंगांची बिबट्याची चित्रे फोनवरून फिरतात, लोक रात्रभर जागतात, आणि वनखात्याची माणसे नसलेल्या बिबट्याच्या मागे धावतात. अशा वेळी ‘पेपरात आलंय म्हणजे खरं’ हा गावाकडचा विश्वास ही मोठी ठेव आहे, आणि ती आपल्या हाती आहे.

म्हणून माझी विनंती अशी. वन्यजीवांचे छायाचित्र छापताना त्याखाली छायाचित्रकाराच्या नावाबरोबर एक-दोन ओळींची नोंद द्यावी. उदाहरणार्थ: ‘उजनी फुगवटा, जानेवारी, होडीतून, टेलिफोटो लेन्सने, फ्लॅश नाही, कडा कापल्या, सावल्या उजळल्या, काहीही काढलेले वा घातलेले नाही.’ एवढी जागा कोणत्याही पानावर मिळू शकते. प्राणी बंदिस्त असेल, खाद्य ठेवून किंवा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून जवळ बोलावलेला असेल, तर तेही लिहावे. पहिल्या पानावरील चित्रासाठी मूळ रॉ फाइल मागवून घ्यावी. मोठ्या स्पर्धा अंतिम फेरीत ती मागतात आणि प्रामाणिक छायाचित्रकाराला ती देण्यात अडचण नसते. ज्याने फोनवर किंवा केवळ जेपेगमध्ये चित्र टिपले असेल त्याच्याकडून न कापलेली मूळ फाइल आणि त्याच्या आधी-नंतरच्या दोन फ्रेम मागाव्यात. सलग फ्रेम खोट्या बनवणे बरेच अवघड असते. मात्र घरटे, वाघिणीची गुहा किंवा दुर्मीळ जातीची नेमकी जागा छापू नये, आणि संकेतस्थळावर चित्र चढवताना फाइलमध्ये दडलेले जीपीएस अंक काढून टाकावेत. तालुक्याचे नाव पुरे.

आणखी एक गोष्ट, जी छायाचित्रकारांपेक्षा संपादकांच्या हाती अधिक आहे. तुम्ही काय निवडता ते पाहून आमच्यासारखे लोक काय टिपायचे ते ठरवतात. फिकट, धुक्यातला, खऱ्या रंगाचा रोहितांचा थवा, त्यात दोन-तीन राखी पिल्ले आणि मागे मासेमाराची होडी, असे चित्र एखाद्या रविवारी मोठे छापून पाहावे. उजनीच्या काठावरील पहाट खरोखर तशी असते, आणि ती पाहायला आलेल्या माणसाला थवा उडवायला सांगावेसे वाटणार नाही.

या पत्रासोबत खोकडाच्या छायाचित्राच्या दोन प्रती जोडत आहे. एक प्रदर्शनात लावलेली, तार काढलेली, आणि दुसरी मूळ फाइलवरून पुन्हा तयार केलेली, जिच्यात फक्त सावल्या उचलल्या आहेत. दोन्ही शेजारी ठेवून पाहाव्यात. त्यांतील एखादी छापावीशी वाटली, तर कृपया तारेसह असलेली छापावी.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक व वाचक
ता. इंदापूर, जि. पुणे